खांदा अडकून बाळाच्या हाताला इजा, आता काय करावं?

लोकमान्यनगरची आजी (इंदूर):
नातवाला तिसरा महिना लागलाय. झबलं घालताना उजवा हात मलाच बाहीतून ओढून घ्यावा लागतो. सोडला की अंगाशी लुळा पडतो, तळवा मागे वळलेला. बोटांची पकड मात्र चांगली आहे. सूनबाईला गरोदरपणात शुगर होती, बाळ सव्वाचार किलोचं. डोकं आलं आणि खांदा अडकला. ती सांगते, सिस्टर वरून पोट दाबत होती. कार्डावर मात्र 'नॉर्मल डिलिव्हरी'! डॉक्टर म्हणतात, होईल आपोआप. मुलगा पोलिसांत जायचं म्हणतोय.

निवृत्त फिजिओ:
आजी, ही अर्ब्ज पाल्सी वाटते, मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जातात. पुष्कळ बाळं सुधारतात, पण 'आपोआप'वर विसंबू नका. तीन महिन्यांपर्यंत कोपर स्वतःहून वाकवत नसेल तर नसांच्या सर्जनला दाखवा. ऑपरेशनची वेळ निघून जाते. झबलं घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. मालीशवाल्या बाईला हात खेचू देऊ नका.

वकिलीतला एक:
खांदा अडकणं हा दरवेळी हलगर्जीपणा नसतो, चांगल्या डॉक्टरकडेही होतं. पण अडकल्यावर ओटीपोटाच्या हाडाच्या जरा वर दाबायचं असतं, गर्भाशयाच्या माथ्यावर नाही. म्हणून सिस्टरचं ते वरून दाबणं तक्रारीत महत्त्वाचा मुद्दा ठरतं. लेबर नोट्स (प्रसूतीच्या नोंदी), पार्टोग्राफ (प्रसूती कशी पुढे सरकली त्याचा तक्ता), बाळाची केस-शीट लेखी मागा. नियमानुसार ७२ तासांत द्यावी लागतात. पोलिसांचं राहू द्या. सुप्रीम कोर्टाच्या २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालानंतर डॉक्टरांवर फौजदारीसाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. जिल्हा ग्राहक आयोग बरा. मुदत दोन वर्षं. आणि हो, आयोगाची तक्रारीची फी भरपाईच्या मागणीवर नाही, दवाखान्याला दिलेल्या रकमेवर ठरते. पाच लाखांपर्यंत काहीच नाही. बिलं सांभाळून ठेवा.

लोकमान्यनगरची आजी:
बिलं आहेत, मुलाने पिशवीत कोंबलीत. अर्ज कुणाच्या सहीने? आणि फाइल 'सापडत नाही' म्हणाले तर?

वकिलीतला एक:
सूनबाईंच्या. पेशंट त्याच, बाळासाठी आईवडील दोघांची चालते. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या, नाही दिला तर रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. मग 'सापडत नाही' हे त्यांना आयोगापुढे सांगावं लागेल.