वडिलांना डेंग्यूचा ताप आहे आणि मधुमेहही आहे. खायला नेमके काय द्यावे?

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे असून गेल्या बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह आहे. आम्ही नागपुरात मानेवाड्याला राहतो. परवा संध्याकाळपासून त्यांना १०२ अंशांपर्यंत ताप येतो आहे आणि काल रक्ततपासणीत डेंग्यूचे निदान झाले. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिले, घरीच ठेवण्यास हरकत नाही असे सांगितले आणि उद्या पुन्हा रक्त तपासायला बोलावले आहे. आहाराबद्दल मात्र "हलके खा, पाणी भरपूर प्या" एवढेच ते म्हणाले, आणि बाहेर रुग्णांची रांग लागलेली असताना आणखी काही विचारण्याचा धीर मला झाला नाही.

आता घरात सल्ल्यांची अडचण झाली आहे. शेजारच्या काकू म्हणतात, "तापात भात देऊ नको बाई, अंगात गारवा भरते." त्यांच्या मते फक्त साबुदाण्याची खीर द्यावी. आंबिया बहराची संत्री नुकतीच बाजारात येऊ लागली आहेत आणि बाबांना ती फार आवडतात, पण संत्र्याने कफ होतो म्हणून आईने टोपली वर माळ्यावर ठेवून दिली आहे. मावशीने पपईच्या पाल्याचा रस काढायला सांगितला आहे, तर भाऊ बर्डीच्या बाजारातून तीन किवी घेऊन आला आणि त्यांची किंमत ऐकून बाबांनी ती खाण्यास साफ नकार दिला.

माझी खरी काळजी निराळी आहे. काल दिवसभरात त्यांनी अर्धी वाटी खीर आणि दोन बिस्किटे एवढेच खाल्ले. चमचा तोंडाजवळ नेला की मान फिरवतात आणि "तोंडाले चव नाही तं काय खाऊ?" असे म्हणतात. मधुमेहाच्या दोन गोळ्या मात्र नेहमीप्रमाणे चालू आहेत. रात्री साखर २४० होती आणि आज पहाटे ८२. इतका फरक मी पूर्वी कधी पाहिलेला नाही. कृपया अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद : धंतोलीकर

मी आहारतज्ज्ञ म्हणून अनेक वर्षे रुग्णालयात काम केले आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहिते. मात्र आपल्या डॉक्टरांच्या सांगण्यापुढे माझे लिहिणे दुय्यम समजावे.

खाण्याच्या आधी गोळ्यांकडे पाहा. ताप असताना शरीर ताणाखाली असते, त्यामुळे काही न खाताही साखर चढते. आणि पोटात अन्न नसताना ग्लिमेपिराईडसारखी गोळी गेली तर तीच साखर धोकादायकरीत्या उतरते. तुमच्याकडचे २४० आणि ८२ हे आकडे बहुधा याच ओढाताणीचे आहेत. गोळीच्या वेष्टनावरील नाव वाचून आजच डॉक्टरांना फोन करा आणि "रुग्ण जवळपास काही खात नाही" हे वाक्य स्पष्ट उच्चारा. डापाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी गोळी असेल, तर ती आजारपणात सहसा तात्पुरती थांबवतात. स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करू नका, आणि इन्सुलिन चालू असेल तर ते तर मुळीच नाही. साखर दर चार ते सहा तासांनी तपासा. ती ७० च्या खाली गेली आणि वडील शुद्धीत असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या व पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा.

आता भाताविषयी. भाताने अंगात गारवा भरत नाही. उलट ताप एक अंश सेल्सिअसने चढला की शरीराचा ऊर्जेचा खर्च सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तुमच्या वडिलांना नेहमीपेक्षा अधिक अन्न लागते आहे आणि ते नेमके त्याच वेळी कमी खात आहेत. साबुदाणा पचायला सोपा खरा, पण तो जवळजवळ नुसता स्टार्च आहे. त्यात प्रथिने नाममात्र, आणि खिरीतली साखर वेगळीच. त्यापेक्षा मुगाच्या डाळीची पातळ खिचडी, मऊ भात आणि वरण, ताजे ताक, चालत असेल तर उकडलेले अंडे, असे दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्या. एका वेळी चार-पाच घास गेले तरी पुरे. संत्र्याने कफ होत नाही. टोपली माळ्यावरून खाली काढा आणि एका वेळी एक संत्रे सोलून, फोडींसकट खायला द्या. रस मात्र काढू नका, कारण एका पेल्यात तीन-चार फळांची साखर एकदम जाते.

डेंग्यूत पाण्याचे महत्त्व अन्नाहून अधिक आहे, पण नुसतेच साधे पाणी पाजत राहणेही योग्य नाही, कारण त्यासोबत क्षारही जायला हवेत. भाताची पेज, वरणाचे पाणी, मीठ घातलेले ताक आणि ओआरएस आलटून पालटून द्या. ओआरएसच्या एक लिटरच्या पुडीत साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, त्यामुळे मधुमेह असला तरी डॉक्टरांना विचारून ते थोडे थोडे देता येते. फळांच्या तयार रसाच्या लहानशा खोक्यात बहुधा त्याहून जास्त साखर भरते! पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेचे सूत्र लिहिलेले आहे ना, हे पाहूनच घ्या. त्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांना 'ओआरएस' हा शब्द लावण्यास अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली, ती काही उगाच नव्हे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर पाणी आणि मीठ किती द्यायचे हे डॉक्टरच ठरवतील, आणि शहाळ्याचे पाणीही त्यांना विचारूनच द्या, कारण त्यात पोटॅशियम बरेच असते. पुरेसे पाणी जाते आहे की नाही याची घरगुती खूण म्हणजे लघवी : सहा तासांत एकदाही झाली नाही, तर ते कमी पडते आहे.

प्रतिसाद : महालवासी

ताईंनी वर सर्व लिहिलेच आहे, म्हणून मी फक्त चवीपुरते बोलतो. आमच्याकडे आजारी माणसाला ज्वारीच्या कण्या देण्याची रीत होती आणि ती मला आजही पेजेपेक्षा बरी वाटते. मूठभर जाडसर कण्या धुऊन, सहापट पाण्यात मंद आचेवर पूर्ण शिजू द्याव्यात. चमच्यावरून धार सहज पडेल इतके पातळ ठेवावे. कोमट झाल्यावर त्यात ताक, मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड घालून वरून थोडा सांभार (कोथिंबीर) टाकावा. कढत कण्यांत ताक ओतू नये, ते फाटते. तापात जीभ फिकी पडलेली असते, तिला गोडापेक्षा आंबट आणि खारट लवकर कळते. खिरीवरून मान फिरवणारा माणूस लिंबू पिळलेले वरण पितो, हे मी माझ्या वडिलांच्या बाबतीत पाहिले आहे.

"ज्वरादौ लंघनम्" (तापाच्या सुरुवातीला उपवास) हे आयुर्वेदातले वचन कोणी ऐकवील, तेव्हा एवढेच सांगावे की लंघनानंतर पेज, मग घट्ट पेज, मग मऊ भात अशी चढती पायरीही त्याच शास्त्रात सांगितली आहे. गोळ्या घेणाऱ्या मधुमेही माणसाने तर उपाशी राहूच नये.

प्रतिसाद : नवी सदस्य

आमच्या घरी पपईच्या पाल्याच्या रसाने दोन दिवसांत प्लेटलेट वाढल्या होत्या. जरूर देऊन पाहा.

प्रतिसाद : धंतोलीकर

डेंग्यूत प्लेटलेट काही दिवस उतरतात आणि मग बहुतेकांच्या आपोआपच चढतात. रस त्याच सुमारास दिला गेला तर श्रेय रसाला मिळते. तो अतिशय कडू असतो आणि त्याने अनेकांना उलटी होते. ज्या माणसाच्या पोटात आधीच काही टिकत नाही, त्याला तो पाजण्यात मला शहाणपण दिसत नाही. किवी खाल्ल्याने बिघडणार नाही, पण तिच्यातले क जीवनसत्त्व नागपूरच्या माणसाला संत्र्यातून मिळते. बकरीचे कच्चे दूध कोणी सुचवले तर मुळीच देऊ नका, त्यातून ब्रुसेलोसिससारखा दुसराच ताप येऊ शकतो.

आणखी दोन गोष्टी. बीट, डाळिंब यांसारखे गडद लाल पदार्थ या आठवड्यात टाळा, कारण उलटी किंवा शौचास लाल दिसले तर ते रक्त आहे की बीट, हे कळेनासे होते. आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात, ताप उतरतानाच, धोका अधिक असतो. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, ग्लानी किंवा हातपाय गार पडणे यांपैकी काहीही दिसले, तर खाण्यापिण्याचा विचार बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन देऊ नका. हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन आधीपासून चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारीच डॉक्टरांना फोन केला. दोनपैकी एक गोळी ग्लिमेपिराईडच निघाली. ती त्यांनी तूर्त थांबवली आहे आणि दुसरी जेवणाबरोबर चालू ठेवली आहे. काल संध्याकाळी कण्या केल्या. पहिल्या चमच्याला बाबांनी नेहमीप्रमाणे मान फिरवली, मग "मीठ कमी आहे" म्हणाले, आणि मीठ घातल्यावर दोन वाट्या घेतल्या. फ्रिजच्या दारावर कागद लावून प्रत्येक पेल्यासाठी एक रेघ मारते आहे. आज दुपारपर्यंत सात रेघा झाल्या, लघवी तीनदा झाली, आणि साखर दिवसभर १४० ते १९० मध्ये राहिली. आजच्या तपासणीत प्लेटलेट थोड्या उतरल्या आहेत, परंतु रक्तस्राव किंवा पोटदुखी नसल्याने डॉक्टरांनी घरीच थांबण्यास सांगितले असून परवा पुन्हा बोलावले आहे. सकाळपासून ताप ९९ च्या वर गेलेला नाही, म्हणून आज रात्री भाऊ आणि मी आळीपाळीने जागणार आहोत. पहाटे दोनला साखर तपासताना ती ९० च्या आसपास आली, तर झोपेतून उठवून काही खायला द्यावे, की सकाळपर्यंत थांबावे?

प्रतिसाद : धंतोलीकर

गोळी थांबवून एकच दिवस झाला आहे आणि तिचा परिणाम वयस्कर माणसात रेंगाळतो, म्हणून उठवून अर्धी वाटी कण्या किंवा कपभर दूध द्या आणि तासाभराने पुन्हा मोजा. उठवताना ते गोंधळल्यासारखे वाटले किंवा दरदरून घाम आलेला असला, तर आकडा काहीही असो, डॉक्टरांना त्याच वेळी फोन करा.