चाफ्याच्या पानांमागे नारिंगी पावडर, झाड काढावं लागेल का?

अंगणवेडी, चिपळूण:
गेटजवळचा आमचा लाल चाफा सासूबाईंनी लावलेला, खूप जुना आहे. आत्ता ऐन पावसात पानांवर वरून पिवळे ठिपके दिसतायत आणि पान उलटं केलं की नारिंगी पावडर, बोटाला हळदीसारखी लागते. पानं पटापट गळतायत. शेजारचे काका म्हणतात झाड तोडा नाहीतर आंब्याला पण लागेल. काय करू, खूप जीव आहे हो या झाडावर.

मातीतला:
ताई तोडू बिडू नका अजिबात!! हा तांबेरा आहे, चाफ्यावरची बुरशी. ती जिवंत पानावरच वाढते आणि आंब्याला, जास्वंदीला लागत नाही, काकांना सांगा निर्धास्त राहा. यानं झाड सहसा मरत नाही, पानं जातात आणि फुलं कमी येतात. गळलेली पानं रोज गोळा करून पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये नको. पाणी बुंध्याशी घाला, पानांवर नाही. आतल्या दाट फांद्या थोड्या विरळ करा म्हणजे वारा खेळेल, पण ते पाऊस थांबल्यावर, आत्ता कापलंत तर जखमेत पाणी जाईल.

रोपवाटिका_सांगली:
वरचं सगळं बरोबर. फवारणी करायचीच तर विद्राव्य गंधक किंवा मँकोझेब (दोन्ही बुरशीनाशकं), दोन्हीपैकी एकच, २ ग्रॅम एक लिटरला, सोबत स्टिकर म्हणजे औषध पानाला चिकटवून ठेवणारं द्रव, आणि उघडीप बघून मारा. पावडर पानाच्या खालच्या बाजूला असते म्हणून फवारा खालून वर मारायचा, लोक वरूनच मारतात आणि मग म्हणतात औषध चालत नाही. हातमोजे, मास्क घाला. आधीच नारिंगी झालेली पानं काही परत हिरवी होणार नाहीत, नवीन पालवी वाचवायची आहे आपल्याला.

अंगणवेडी, चिपळूण:
खूप खूप धन्यवाद दोघांना, किती हलकं वाटलं! अजून एक, एका फांदीचं टोक काळं पडून मऊ झालंय, दाबलं की आत जातं, तेही तांबेराच का?

मातीतला:
नाही, ती कूज आहे आणि त्यासाठी थांबायचं नाही, पावसातसुद्धा. आतला भाग पांढरा स्वच्छ दिसेपर्यंत खाली कापत या, दर कापाला कोयता स्पिरिटने पुसा, चीक डोळ्यात जाऊ देऊ नका. मग कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट लावा, १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १० लिटर पाणी, तुम्हाला यातलं अगदी थोडंसं लागेल. प्लॅस्टिकच्या बादलीत बनवा, लोखंडी नको. आणि बुंध्याशी पाणी साचत असेल तर आजच चर काढून द्या, साचलेल्या पाण्याने कूज वाढते.