मदत हवी आहे: शुगरमुळे वडिलांचे पाय बधिर झालेत, एमसीआर चप्पल आणि पायाच्या दाबाबद्दल

नमस्कार मंडळी, अण्णांसाठी विचारतेय. माझे वडील, वय ६६, शुगर १७ वर्षांपासून, फलटणजवळ गावी राहतात, मी पुण्यात.

गेल्या महिन्यात आईला फरशीवर रक्ताचे ठिपके दिसले, बघते तर अण्णांच्या चपलेतून खिळा वर आलेला आणि ते तसेच सकाळपासून शेतात फिरून आलेले, त्यांना पत्ताच नाही. ती जखम भरली, पण मग डॉक्टरांनी पाय नीट तपासले. नायलॉनचा एक जाड दोरा असतो, १० ग्रॅम दाब पडला की वाकतो, तो तळव्याला टेकवतात आणि आपण डोळे मिटून सांगायचं कुठे लागतंय. चार ठिकाणी टेकवून झाला तरी अण्णा डोळे मिटून म्हणतात, "करा की सुरू." मला तिथेच रडू आलं.

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी चवड्याखाली जाड घट्टा आहे, आम्ही म्हणायचो शेतकऱ्याचा पाय, घट्टे असायचेच. डॉक्टर म्हणाले चालताना सगळा दाब त्याच जागी येतो म्हणून घट्टा धरतो आणि मग तो घट्टाच खड्यासारखा आत रुतत राहतो, दुखत असतं तर माणूस लंगडला असता, पाय वाचला असता. घट्टा तासला तर खाली काळपट लाल डाग, आत रक्त साकळलेलं. अजून जखम नाहीये पण तिथेच अल्सर व्हायची भीती आहे, नुसत्या मलमाने भागणार नाही, तिथला दाबच कमी करायला हवा.

त्यांनी एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबर) सँडल सांगितलीय, आत मऊ रबर, मागे पट्टा, अंगठ्यात अडकवायची नाही अशी. पण अण्णा तयार नाहीत. कुष्ठरोगात पाय बधिर होतात त्यांनाही हीच देतात, गावात एक आजोबा वापरायचे ते अण्णांनी पाहिलंय, म्हणतात लोक काय समजतील. ह्यावर काय बोलावं मला सुचत नाही, रागावून उपयोग नाही आणि त्यांचं दुःख खोटंही नाहीये.

तर ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी सांगा, साध्या सँडलसारखी दिसणारी एमसीआर पुण्यात किंवा साताऱ्यात कुठे बनवून मिळते का? पायाचा दाब मोजायचा स्कॅन आधी करून त्या मापाने इनसोल बनवलेला बरा की तयार चप्पल चालते? आणि घरात तुमची माणसं काय घालतात, कारण आमच्याकडे घरात चप्पल म्हणजे आईला देवघराचा प्रश्न पडतो.

सगळ्यात मोठी काळजी वारीची. अण्णा दरवर्षी लोणंदपासून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालतात, निम्मं अनवाणी. डॉक्टरांनी यंदा चालायचं नाही म्हणून सांगितलंय. वारी चुकली तर हा माणूस मनाने खचेल हो, गाडीने जाऊन फक्त रिंगणाला उभं राहायचं असं कोणी आपल्या माणसाला पटवलंय का, कसं पटवलंत?

एडिट: खाली दोघांनी कॉर्न कॅप सुचवलीय, मनापासून धन्यवाद, पण ती नको. त्यात अॅसिड असतं आणि बधिर पायाला कातडी भाजलेली कळत नाही, डॉक्टरांनी सक्त मनाई केलीय. ब्लेडने घरी घट्टा कापणंही बंद केलंय. आई आता रोज रात्री टॉर्च लावून तळवे बघते आणि मला फोटो पाठवते, आजचा डाग कालच्याएवढाच आहे.