इस्तंबूलमध्ये तुमचा पाय कुठे रेंगाळला? अनुभव लिहा

इस्तंबूलच्या 'बघायलाच हव्यात' अशा जागांच्या याद्या ढिगाने मिळतात, त्या नकोत. कुठून पाय निघेना तेवढं सांगा. सुरुवात मी करते, आया सोफियाची. इमारत इ.स. ५३७ ची, आधी चर्च, १४५३ नंतर मशीद, मग म्युझियम आणि २०२० पासून परत मशीद. खाली नमाज असतो, आपल्याला तिकीट काढून वरच्या गॅलरीत पाठवतात. खालून बघायला मिळणार नाही म्हणून मी खट्टू झाले होते, पण वर दक्षिणेच्या बाजूला येशूचं मोझेक आहे, म्हणजे छोटे तुकडे जोडून केलेलं चित्र, खालचा बराचसा भाग झडून गेलाय पण चेहरा शाबूत, आणि शेजारच्या खिडकीतून ऊन आलं की ते सोनेरी तुकडे असे काही उजळतात की मी अर्धा तास तिथेच उभी. त्याच गॅलरीत संगमरवरी कठड्यावर कुणा व्हायकिंगने, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दीने, आपलं नाव कोरून ठेवलंय, हाल्फदान. हजारेक वर्षांपूर्वी घरापासून इतक्या लांब आलेला माणूस, काय मनात आलं असेल त्याच्या!

*

माझं मत येरेबातानला, म्हणजे जमिनीखालचं टाकं. आम्ही संभाजीनगरचे, पाणचक्कीला डोंगरातून खापरी नळांनी पाणी कसं यायचं ते शाळेच्या सहलीपासून ऐकत आलोय, त्यामुळे इथे उतरल्यावर मला पहिल्यांदा खांब नाही, पाणीच दिसलं. सहाव्या शतकात शहराबाहेरच्या जंगलातून पाणी आणून इथे साठवायचे. खांब ३३६, बरेचसे जुन्या इमारतींतून उचलून आणलेले, म्हणून सगळे एकसारखे नाहीत. दोन खांबांच्या तळाशी मेडुसाची, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सापांचे केस असलेल्या बाईची, डोकी आहेत, एक आडवं, एक उलटं. सगळी गर्दी तिथेच, फोटो काढून लोक वर जातात. तुम्ही मात्र मधल्या रांगांत निवांत फिरा. पाणी येण्याच्या वाटेवरचा चौथ्या शतकातला जलसेतू अजून उभा आहे, त्याच्या कमानींखालून आता गाड्या जातात, तोही चुकवू नका.

*

शाकाहारी आहात? आईला घेऊन गेले होते, तिचं काय होणार ही धास्ती होती. पहिल्याच दिवशी मेर्जिमेक चोर्बा आलं, मसुरीचं सूप, वर लिंबू पिळायचं. आई म्हणाली, "अगं, ही तर आमटीच की!" फक्त कधीकधी मटणाच्या पाण्यात शिजवतात, म्हणून 'एत्सिझ' म्हणजे मांस नसलेलं का, ते दरवेळी विचारा. ऑलिव्ह तेलातल्या थंड भाज्या, चीज घातलेलं गोझलेमे म्हणजे भरलेली पातळ पोळी, आणि ट्युलिपच्या आकाराच्या ग्लासातला कोरा चहा. दुकानदार चहा पुढे करतो तो घ्या, नाही म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं.

*

चहाबद्दल वरच्या ताईंना अनुमोदन, पण माझा पाय रेंगाळला तो बोटीवर. एमिनोन्यूहून कादिक्यॉयला साध्या फेरीबोटीने जा, लोक ऑफिसला जातात तीच. इस्तंबूलकार्ट, म्हणजे तिथलं प्रवासाचं कार्ड, टॅप करायचं की युरोपातून निघून वीसेक मिनिटांत आशियात. सीगल सोबत उडतात, लोक सिमित, म्हणजे तीळ लावलेला कड्यासारखा पाव, तोडून त्यांना टाकतात, मला थेट गेटवे ते मांडवा लाँच आठवली. संध्याकाळच्या फेरीला मागे मिनारांमागे सूर्य जातो. मी चार दिवसांत सहा वेळा गेलो.

*

हमामबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. १५८४ च्या एका हमाममध्ये गेले होते, बायकांची बाजू वेगळी असते. मधे गरम संगमरवराचा मोठा ओटा, त्यावर पडून राहायचं, घुमटातल्या छोट्या भोकांतून उजेड खाली येतो. मग एक आजीबाई खरखरीत हातमोजा घालून अंग चोळायला आल्या, हात धरून 'इकडे वळ, तिकडे वळ' असं खुणेने सांगत, आणि डोक्यावर तांब्याने पाणी ओतलं तेव्हा मला एकदम नरकचतुर्दशीची पहाट, उटणं आणि माझी आजी आठवली. भाषेचा एक शब्द कळत नव्हता तरी डोळे भरून आले. त्यांनी गालावर हात ठेवला आणि परत पाणी ओतलं.

*

सुलेमानिये मशीद! १५५७ मध्ये पूर्ण झालेली, सुलतान सुलेमानसाठी त्याचा वास्तुकार सिनान याने बांधलेली. आत गालिच्यावर भिंतीला टेकून बसा, कुणी उठवत नाही (बायकांनी ओढणी न्या, सगळ्यांनी मोजे). दिव्यांची काजळी हवेच्या झोताने एका खोलीत जमा व्हायची आणि तिची शाई करायचे असं तिथे सांगतात. मागच्या अंगणातून खाडी दिसते. बाहेर पडल्यावर रस्त्याच्या कोपऱ्याला सिनानची स्वतःची कबर आहे. सुलतानाची केवढी मोठी, आणि ही इतकीशी, की आम्ही दोनदा पुढे निघून गेलो.