समोरून ठोकलेली गाडी : चेसिसवर पट्टी मारावी का?

हर्णैकर:
नमस्कार मंडळी. केळशीच्या वळणावर समोरून जीप आली, तिला चुकवताना आमची हॅचबॅक डाव्या बाजूने कठड्याला लागली. माणसं सुखरूप. पण बंपरमागे डावी चेसिस चेपलीय, खाऱ्या वाऱ्याने तिथे गंजही आहे. गॅरेजवाला म्हणतो, तापवून ओढू, वरून जाड पट्टी वेल्ड करू, कंपनीपेक्षा मजबूत होईल. करू का?

रत्नागिरीचा डेंटर:
दादा, पट्टी मारू देऊ नका. बंपर उतरवून स्वतः बघा. आत आडवी बीम, तिच्यामागे दोन बाजूंना दोन चौकोनी डबे, ते क्रॅश बॉक्स. त्यांच्या मागे चेसिसचे दोन लांब पाय. पायांच्या पत्र्यावर बोट फिरवा, दाबलेल्या खाचा लागतील. त्या मुद्दाम ठेवलेल्या आहेत. ठोकर बसली की पहिली घडी तिथेच पडते, मग तिच्यामागे दुसरी, आणि धक्का त्या घड्यांत जिरतो. वर जाड पट्टी आली की घडी पडत नाही. अख्खा पाय मागे रेटला जातो, नाहीतर पट्टी संपते तिथून मोडतो. मार फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, म्हणजेच तुमच्या पायांवर. गॅसने तापवलं तर हाय-स्ट्रेंथ पत्र्याची ताकदही जाते. आणि गंजलेल्या पत्र्यावर वेल्ड धरतच नाही, भोक पडतं.

चिपळूणकर:
मी मेकॅनिकल इंजिनिअर. साधा हिशेब बघा: ताशी 64 किमी वेगातली गाडी 60 सेंमी चेपून थांबली, तर सरासरी झटका गुरुत्वाच्या 27 पट. पट्टीमुळे कमी चेपून 30 सेंमीतच थांबली तर 54 पट. भारत एनकॅप या गाड्यांच्या सुरक्षा-चाचणीतली समोरची टक्कर याच वेगाला होते, तीही रुंदीच्या फक्त 40 टक्के भागावर. म्हणजे बराचसा भार एकाच पायावर, तुमच्या कठड्यासारखा. बंपरपुढे बुलगार्ड, म्हणजे जाड लोखंडी गार्ड, लावलेला असेल तर तोही काढा. 2017 सालीच केंद्राने त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंय.

हर्णैकर:
मग अख्खी चेसिस बदलायची?

रत्नागिरीचा डेंटर:
नाही. बीम आणि क्रॅश बॉक्स बोल्टचे असतील तर नवे घ्या. पायाचा पुढचा तुकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तिथेच कापून नवा जोडायचा. जिगवर, म्हणजे गाडी पक्की बसवून मापं तपासायच्या चौकटीवर, माप घेणारं गॅरेज शोधा, नुसत्या नजरेने सरळ करणारं नको. विम्याच्या सर्व्हेअरला गंजाचा फोटो आधीच दाखवा, नंतर वाद नको. काम झाल्यावर पायाच्या पोकळीत कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं मेण, मारून घ्या. बाहेरून रंग कितीही चांगला दिला तरी आपल्याकडे गंज पत्र्याला आतूनच खातो.