सिरीच नायिका हवी

एका भावानं लिहिलंय की द विचर ४ या व्हिडिओ गेममध्ये गेराल्ट (आधीच्या भागांतला राक्षस मारणारा नायक) नाही, त्याची मानलेली लेक सिरी नायिका आहे, म्हणजे अर्धी मजा गेली. मला नाही तसं वाटत. तिसऱ्या भागात (२०१५) सिरी थोडाच वेळ खेळायला हाती यायची, आणि वीज चमकावी तशी शत्रूच्या मागं जाऊन उभी राहायची. ते तुकडे संपूच नयेत वाटायचं. डिसेंबर २०२४ चा ट्रेलर परत बघा की: काढ्याचा घोट घेते, डोळे मांजरासारखे होतात, मग साखळी फिरवून राक्षसाशी भिडते. लढायची पद्धतच बदलणार बघा.

जून २०२५ चा डेमो साध्या पीएस ५ (प्लेस्टेशन ५) वर सेकंदाला ६० फ्रेमनं चालला, पण तो अनरियल इंजिन ५ चं (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरचं) तंत्र दाखवायला होता, प्रत्यक्ष खेळ नव्हे. तेवढं ध्यानात ठेवा. त्यात कोविर या गेममधल्या राज्याच्या डोंगरातनं सिरीची घोडी जाते ते बघताना मला आपला चोर्ला घाट आठवला. आणि तिथल्याच वाल्ड्रेस्ट गावच्या बाजारातली गर्दी! चतुर्थीच्या आदल्या दिवशीची बेळगावची गणपत गल्लीच.

गेम २०२६ संपेपर्यंत येणार नाही हे तो बनवणाऱ्या कंपनीनंच सांगितलंय. मी तिसरा भाग परत लावलाय. रात्री जेवणं आटोपली की धाकटी बहीण शेजारी येऊन बसते, आणि सिरी आली की कंट्रोलर मागून घेते.