संधिवाताच्या हाताला बारकं रिव्हॉल्व्हर देऊ नका

कटीकर

ह्यूस्टनच्या पश्चिमेला, आमच्या कटी (Katy) गावात, साठी-सत्तरी ओलांडलेले मराठी लोक आता बरेच झालेत. त्यातले काही पिस्तूल बाळगतात, काहींचं घेऊ की नको चाललंय. बाळगावं की नाही हा वाद आपण फराळाच्या ताटावर दरवर्षी घालतोच, इथे नको. माझा मुद्दा त्याच्या पुढचा आहे.

बोटं आखडलेला, अंगठा सुजलेला माणूस दुकानात गेला की काउंटरमागचा पोरगा ठरल्यासारखा काचेखालून पाच गोळ्यांचं चिमुकलं रिव्हॉल्व्हर काढतो. "सोपं आहे अंकल, मागे काही खेचायला नको, नुसता चाप दाबायचा." बायकांना हेच, म्हाताऱ्यांनाही हेच. माझ्या मते हा सल्ला साफ उलटा आहे.

स्मिथ अँड वेसनचं ६४२ घ्या. वजन १५ औंसांच्या आसपास, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम. चाप मात्र १२ पौंडांच्या घरात. सव्वाचारशे ग्रॅमची वस्तू हातात धरून एका बोटाने साडेपाच किलोचा जोर लावायचा आणि वर नळी हलू द्यायची नाही! हलतेच. शिवाय हत्यार जितकं हलकं तितका धक्का जास्त, आणि तो सगळा अंगठ्याच्या मुळाशी येऊन बसतो. गोळ्यांचा एक डबा कसाबसा संपतो, दुसरा कोणी उघडत नाही. मग ते रिव्हॉल्व्हर उशापाशी पडून राहतं आणि मालकाला वाटतं आपली सोय झाली.

याच कंपनीने २०१८ मध्ये .३८० शील्ड ईझी हे पिस्तूल काढलं, ते अशाच हातांसाठी. वजन साडेअठरा औंस, चाप पाच पौंडांच्या आसपास, स्लाइडची (गोळी नळीत भरायला मागे ओढायचा वरचा भाग) स्प्रिंग मुद्दाम हलकी. मॅगझिनला बाजूला एक छोटं बटण आहे, ते खाली दाबून धरलं की गोळ्या नुसत्या आत सोडायच्या. नेहमीच्या मॅगझिनमध्ये शेवटच्या दोन गोळ्या भरताना अंगठ्याचे जे हाल होतात ते ज्याने सोसलेत त्यालाच या बटणाची किंमत कळेल. मॅगझिनमध्ये आठ, नळीत एक. सत्तरीच्या हाताला आणखी काय हवं?

जुना फिटर

साफ असहमत. काका, तुम्ही चापाचं वजन मोजलंत, कामं किती ते मोजलं नाहीत.

ऑटोमॅटिकला, म्हणजे ईझीसारख्या पिस्तुलाला, मॅगझिन भरा, आत ठोका, स्लाइड मागे ओढा, सोडा. गोळी फुसकी निघाली तर पुन्हा ओढा. हे सगळं दोन हातांनी आणि घाबरलेल्या अवस्थेत. रिव्हॉल्व्हरमध्ये फुसकी निघाली तर? पुन्हा चाप दाबा, पुढची गोळी समोर येते. संपलं. ज्याचा डावा हात सकाळी चहाचा कप धरत नाही त्याला यातलं कुठलं बरं, सांगा.

तुमच्या ईझीला मागच्या बाजूला ग्रिप सेफ्टी आहे. मूठ पूर्ण आवळली नाही तर चाप चालतच नाही. संधिवातवाल्याची मूठ नेमकी तिथेच सैल पडते! आणि सैल मनगटाने उडवलं तर रिकामं काडतूस स्लाइडमध्ये अडकतं, ते वेगळंच. ९ एमएमच्या ईझीवर तर नोव्हेंबर २०२० मध्ये हॅमरच्या (गोळीवर आघात करणाऱ्या घोड्याच्या) दोषासाठी कंपनीलाच रिकॉल काढावा लागला होता.

राहिला धक्का. हलकं नका घेऊ ना! रुगरचं एसपी१०१ घ्या, अख्खं पोलादी, २५-२६ औंसांचं. त्यात .३८ ची १४८ ग्रेन वजनाची वॅडकटर घाला. ही चपट्या तोंडाची, टार्गेटवर मारायची सौम्य गोळी. धक्का निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. दुकानदाराने चुकीचं रिव्हॉल्व्हर दाखवलं म्हणून रिव्हॉल्व्हरची जातच बाद करू नका.

कटीकर

रिकॉल मार्च ते ऑक्टोबर २०२० मध्ये बनलेल्या ९ एमएमच्या पिस्तुलांचा होता. मी .३८० बद्दल लिहिलंय. आणि २५ औंसांचं लोखंड पँटला लावून दिवसभर फिरायचं म्हणजे कंबरेच्या संधिवाताचा दुसरा धागा काढावा लागेल.

मिसळ इन प्लेनो

कटीकरांना +१. बाबांच्या हाताने ६४२ चा चाप सलग पाचदा दाबला जात नाही. तिसऱ्या वेळेला दोन बोटं आत घालायला बघतात.

हाताची डॉक्टरीण नाही

मी डॉक्टर नाही, हँड थेरपिस्ट आहे, डॅलसला. नावातच खुलासा केलाय तरी लोक कन्सल्टेशन मागतात.

तुम्ही दोघंही 'संधिवात' असा एकच शब्द धरून भांडताय. कुठल्या सांध्याला, हे कोणीच विचारलं नाही. माझ्याकडे येणाऱ्यांत दोन तऱ्हा फार दिसतात. एक म्हणजे अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला. हा पन्नाशीपुढच्या बायकांत जास्त. चिमटीत पकडताना अंगठ्याच्या टोकाला एक किलो जोर लावला तर मुळाच्या सांध्यावर सुमारे बारा किलो पडतात, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. या बाईला स्लाइड चिमटीने ओढायला लावणं हा छळ आहे, मॅगझिन अंगठ्याने भरणं त्याहून वाईट. पण तिची तर्जनी बऱ्याचदा ठणठणीत असते. तिला फिटरसाहेबांचं जड रिव्हॉल्व्हर चालू शकेल, बशर्ते धक्का सौम्य असेल.

दुसरी तऱ्हा म्हणजे बोटांचे मधले सांधे किंवा मुठीचे सांधे सुजलेले. रूमॅटॉइड संधिवातात हे हमखास. इथे तर्जनी वळतानाच कळ येते. बारा पौंडांचा चाप यांच्यासाठी नाहीच. यांना ईझीसारखं पिस्तूल आणि स्लाइड ओढायची योग्य रीत, दोन्ही लागतं.

रीत अशी. पिस्तूल छातीजवळ घ्या, कोपरं अंगाला, नळी सुरक्षित दिशेला, बोट चापाबाहेर. डाव्या हाताचा अख्खा तळवा स्लाइडवर पालथा ठेवा आणि चार बोटांनी तिला तळव्याच्या मांसल भागावर दाबून धरा. अंगठ्याला काही काम देऊ नका. आता स्लाइड मागे ओढू नका. ती जागेवर धरून ठेवा आणि उजव्या हाताने मूठ पुढे ढकला. जोर खांद्यातून आणि छातीतून येतो, बोटांतून नाही. माझ्या कितीतरी पेशंटना "ओढता येत नाही" असं वाटत असतं, ढकलता मात्र येतं. हात पालथा टाकताना तो नळीच्या तोंडापुढे जाऊ देऊ नका. आधी रिकाम्या पिस्तुलावर, कोणीतरी शेजारी उभं असताना.

आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यांनो, पहिल्या दिवशी हातमोजा घाला. स्लाइडच्या धारेने म्हातारी कातडी कागदासारखी फाटते.

जुना फिटर

ताई, प्रतिसाद उत्तम. ढकलायची रीत मान्य. पण नेमबाजीच्या रेंजवर शांतपणे ढकलता येणं वेगळं आणि रात्री पार्किंगमध्ये येणं वेगळं.

कटीकर

पार्किंगमध्ये स्लाइड ओढायची वेळच का यावी? नळीत गोळी असते, म्हणून तर ग्रिप सेफ्टी आहे.

प्लेनोची सून

वाद नको म्हणालात तरी मी घालणार आहे काका, कारण तुम्ही सगळे तो प्रश्न ओलांडून पुढे गेलात.

ज्या हाताला स्लाइड ओढवत नाही, मूठ आवळवत नाही, त्या हातात भरलेलं पिस्तूल कशाला? हा प्रश्न चापाच्या पौंडांइतकाच तांत्रिक आहे. २०२१ मध्ये या देशात बंदुकीने ४८,८३० माणसं गेली. त्यातल्या २६,३२८ आत्महत्या होत्या. पार्किंगमधला चोर नव्हे, घरातलाच माणूस. सततचं दुखणं, जोडीदार गेलेला, मुलं लांब, झोप नाही, हे वर्णन कोणाचं आहे ते तुम्हीच सांगा.

सासऱ्यांचं विसरणं सुरू झालं तेव्हा घरात पहिलं भांडण गाडीच्या किल्ल्यांवरून झालं, दुसरं पिस्तुलावरून. किल्ल्या त्यांनी दिल्या. पिस्तूल कुठे ठेवलंय ते त्यांना आठवेना. ते सापडेपर्यंत माझी मुलं त्या घरात खेळायला गेली नाहीत. टेक्सासच्या कायद्यात निष्काळजीपणे ठेवलेलं भरलेलं हत्यार सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागलं तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, हे तुमच्या दुकानातला पोरगा सांगतो का?

कटीकर

सूनबाई, तुमचा राग रास्त आहे. तिजोरीशिवाय हत्यार नको हे मी आज नाही, पहिल्यापासून म्हणतो. पण दुखरा हात आणि विसरणारं डोकं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझा अंगठा गेलाय, डोकं अजून शाबूत आहे. (सौ. वेगळं म्हणेल.) आत्महत्येचे आकडे मी नाकारत नाही, पण त्यावरून प्रत्येक सत्तरीच्या माणसाला नालायक ठरवू नका.

प्लेनोची सून

नालायक कोण म्हणालं? डोकं शाबूत असतानाच कागदावर लिहून ठेवा: अमुक झालं की हत्यार अमक्याच्या ताब्यात. सासऱ्यांनी लिहिलं असतं तर ते भांडण झालं नसतं. मृत्युपत्र करता ना?

रेंजवरचा

मी शनिवार-रविवार रेंजवर देखरेखीला असतो. सूनबाईंना एवढंच सांगतो की त्या म्हणतात ते कागद करून आलेले लोकही पाहिलेत. कमी, पण पाहिलेत.

तिजोरीबद्दल: बोटाच्या ठशावर उघडणारी म्हाताऱ्यांनी घेऊ नका. झिजलेल्या, कोरड्या बोटांचे ठसे ती ओळखत नाही. मोठ्या बटणांची घ्या.

आता मूळ वादाकडे. '.३८० म्हणजे सोपं' असं समजून लोक वॉल्थर पीपीके उचलतात आणि स्लाइड हलत नाही म्हणून रडतात. त्या जुन्या घडणीत नळी स्लाइडला अडकवलेली नसते. गोळी सुटताना स्लाइडला रोखायला तिचं वजन आणि स्प्रिंग एवढंच असतं, म्हणून स्प्रिंग दणकट. उलट रुगर एलसीपी आहे साडेनऊ औंसांचं, खिशात मावतं, पण हातात फटाका फुटल्यासारखं उडतं. नुसता कॅलिबर (गोळीचा आकार) विचारू नका, हातात घेऊन स्लाइड ओढून बघा. आणि टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून परवान्याशिवाय बाळगता येतं म्हणून परवान्याची नेमबाजीची परीक्षा टाळू नका. ५० गोळ्या, ३, ७ आणि १५ यार्डांवरून, २५० पैकी १७५ गुण. पन्नास गोळ्या ज्या हत्याराने उडवता येत नाहीत ते तुमचं हत्यार नाही, मग त्याला स्लाइड असो की सिलिंडर.

चष्मेवाला

बेरेटा टॉमकॅट कोणी काढलंच नाही! .३२ चं. एक खटका दाबला की नळी मागच्या टोकाने वर उचलते, गोळी सरळ हाताने आत ठेवायची, नळी खाली. पहिल्या गोळीला स्लाइड ओढायचीच नाही. संधिवातासाठी याहून काय हवं? डोळ्यांना मात्र नेम धरायची पुढची माशी धूसर दिसते, त्याला लाल ठिपक्याची साइट बसवणारी नवी मॉडेल्स बघा.

जुना फिटर

टॉमकॅटला एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर खेचणारा आकडा) नाही. फुसकी गोळी निघाली की नळी उचला आणि नखाने उकरून काढा. संधिवाताच्या नखाने. शुभेच्छा.

ऑस्टिनकर

अवांतर, पण महत्त्वाचं. इथे बरेच जण आई-बाबांना "एकदा अनुभव म्हणून" रेंजवर नेतात. ते व्हिजिटर व्हिसावर असतील तर सांभाळा. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या बाळगणं फेडरल कायद्याने मना आहे. शिकारीचा परवाना असल्यासारखे मोजके अपवाद सोडून. हे एच-१बी वाल्यांनाही लागू. ग्रीन कार्डवाल्यांना नाही. दहा मिनिटांच्या फोटोपायी पुढचा व्हिसा घालवू नका.

विदर्भवीर

नागपुरातून वाचतोय. तुमची चंगळ आहे बुवा. आमच्याकडे ९ एमएम आणि .३८ सामान्य माणसाला मिळतच नाही. कानपूरच्या कारखान्याने २०१४ मध्ये बायकांसाठी म्हणून .३२ चं 'निर्भीक' काढलं, अर्ध्या किलोचं, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास. चापाचं वजन विचारायला आधी परवाना तरी हातात यायला हवा.

कटीकर

आता माझं तरी ठरलं. सौ.लाही अंगठ्याचाच त्रास आहे, तर्जनी चांगली. थेरपिस्टताईंच्या हिशोबाने तिला फिटरचं जड रिव्हॉल्व्हर चालायला हवं, माझ्या हिशोबाने ईझी. शनिवारी रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन तिच्या हातात देतो, मी मधे बोलत नाही. पण ६४२ चा सल्ला देणाऱ्या पोरावरचा माझा राग कायम आहे.

जुना फिटर

वॅडकटर घेऊन जा. रेंजवर विकत घ्यायला गेलात तर १५८ ग्रेनची देतील आणि मग रिव्हॉल्व्हरला शिव्या घालाल.

हाताची डॉक्टरीण नाही

आणि सकाळी नको, दुपारी जा. सकाळी सांधे आखडलेले असतात, कुठलंच पिस्तूल पास होणार नाही. मग पुढच्या वेळी मुद्दाम सकाळी जा.